कापून ठेवलेली पोलकी

आमचं दुकान जळगावात बाजाराच्या मागच्या बोळात होतं आणि घर त्या दुकानाच्या वरच. खाली शिलाई, वर संसार. लग्न होऊन मी धुळ्याहून इथे आले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. माझे यजमान लेडीज टेलर. माणूस स्वभावाने गोड, आणि हात इतका चांगला की फैजपूर-सावद्याकडच्या बायका एसटीने येऊन आमच्याकडे पोलकी टाकून जायच्या. नवऱ्याचं कौतुक मी त्यांच्या तोंडावर फारसं केलं नाही, ते इथे करून घेते.

कपडे शिवायच्या धंद्याची एक जुनी रीत आहे, ती आधी सांगायला हवी. कापड हातात आलं की त्यावर लगेच कातर चालवायची. शिवायचं केव्हा, ते मागाहून बघू. कापड सबंध असलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणू शकतं, “द्या परत, दुसरीकडे टाकते.” कातर लागली की त्याच्या तोंडाला कुलूप. बाह्या एकीकडे, पाठ एकीकडे, असं तुकड्यांचं बोचकं घेऊन कुठे जाणार? मग ते बोचकं कपाटात पडून राहतं, आणि कुणी विचारायला आलं की तमाम टेलर मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं, “झालंय हो, काजं तेवढी राहिलीत.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते दुकानाच्या पाटीवर लिहिलंय की काय असं वाटायचं. काजं करायची ती मी, वर बसून, हाताने. माझ्याकडे तर दिवसाकाठी दोन-चार पोलकीसुद्धा येत नव्हती. मग बाकीची काजं कोण करत होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

होळी झाली, लग्नसराई तोंडावर आली, आणि ह्यांना कावीळ झाली. डोळे पिवळे, तोंडाला चव नाही, चार पावलं चाललं की धाप. डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, तेल-तुपाचं नाव काढायचं नाही, उसाचा रस प्यायचा आणि पडून राहायचं. ह्यांनी हे सगळं इतक्या मुकाट्याने ऐकलं की मला नवल वाटलं. नाहीतर साध्या तापातसुद्धा हा माणूस खाली जाऊन गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसायचा.

पहिल्या रविवारी माझे मोठे दीर भेटायला आले. ते वरणगावला कारखान्यात होते, आम्ही त्यांना नाना म्हणत असू. आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या दिरासमोर यायचं नाही, यायची वेळ आलीच तर पदर पुढे ओढून, आणि बोलायचं तर मुळीच नाही. जे काही सांगायचं ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून. तिसरं माणूस जवळ नसेल तर दाराच्या कडीकडे बघत, “चहा झालाय म्हणावं.” कडीशी मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे. त्या दिवशीही मी आत चुलीपाशी होते आणि भाऊ-भाऊ बाहेर खाटेपाशी हळू आवाजात बोलत होते. नाना गेल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं आणि छताकडे बघत म्हणाले, “नाना म्हणतात, दुकान देऊन टाकू. एका व्यापाऱ्याला किराण्यासाठी जागा हवीये. बोचकी समोरच्या टेलरकडे देऊ. मी बरा झालो की मला वरणगावला चिकटवून देतील.”

वरणगावला जायचं म्हणजे नानांच्या घरी, त्यांच्या मागच्या खोलीत, जन्मभर पदर पुढे ओढून कडीशी बोलत. आणि दुसरं खरं कारण सांगते. मला ते दुकान हवं होतं. धुळ्याला मी शिवणाच्या क्लासला गेले होते, बाळाची झबली आणि परकर शिवण्यापुरती मशीन मला येत होती, आणि लग्न ठरताना मुलाचं स्वतःचं दुकान आहे हे ऐकून मला मुलापेक्षा मशीनचाच जास्त आनंद झाला होता. इतकी वर्षं मी वर काजं करत बसले, पण कान खाली लागलेले असायचे.

राग आला की माझ्या तोंडून धुळ्याची बोली बाहेर पडते. “दुकान देवानं नही!” मी म्हणाले. “मी बठ्ठं करसू!” म्हणजे दुकान द्यायचं नाही, सगळं मी करीन.

हे क्षीण हसले. “तू? बठ्ठं?”

“हो. नानांना सांगा.”

पुढच्या रविवारी निरोप आला, तोही ह्यांच्याच तोंडून. आखाजीपर्यंत बघू. तोवर कपाट रिकामं झालं तर ठीक, नाही झालं तर किल्ली द्यायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा तिचं अप्रूप जास्त, लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. मी धुळ्याला कळवून टाकलं की यंदा घ्यायला येऊ नका.

मग मी पदर खोचला, खाली गेले, दुकान उघडलं आणि कपाटाचं दार ओढलं. दार ओढलं मात्र, वरच्या खणातली बोचकी माझ्या अंगावर आली. खालच्या खणात आणखी होती. कपाटामागे होती, कटिंगच्या टेबलाखाली पोत्यात होती. एक बोचकं सोडलं, तुकडे. दुसरं सोडलं, तुकडे. नवऱ्या मुलीचं पोलकं, तिच्या आईचं पोलकं, आत्याचं पोलकं, सगळी कापलेली, मापाची चिठ्ठी टाचणीने लावलेली, आणि एकालाही दोरा लागलेला नव्हता. मी जमिनीवर बसले ती बराच वेळ बसूनच राहिले.

त्यानंतरचे काही दिवस मी काय केलं ते सांगितलं तर हसाल. मी दुकान झाडलं. मशीनला तेल दिलं. बोचकी रंगांप्रमाणे लावली. ते बरं वाटेना म्हणून गावांप्रमाणे लावली, रावेरकडची इथे, एरंडोलकडची तिथे. मग वाटलं, लग्नाच्या तारखेप्रमाणे लावावी. प्रत्येक वेळी सगळी बोचकी खाली काढायची आणि सगळी परत वर ठेवायची. संध्याकाळी कंबर मोडलेली असायची, घामाने जीव जायचा, आणि शिवलेलं काय, तर चिंधीसुद्धा नाही. पण मनाला वाटायचं की आपण फार काम केलं. इतकं काम करून काहीच न होण्याची ही कला मला आधी ठाऊक नव्हती.

एखादं बोचकं मशीनवर घेऊन बसले तरी नजर कपाटाकडे जायची. हे शिवू तर ते राहील, ते शिवू तर ही बोंब मारेल. मग हातातलं ठेवून दुसरं घ्यायचं. गिऱ्हाइकं दारात यायची, विचारायची, आणि एक दिवस मी स्वतःच्या कानांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं, “झालंय हो, काजं तेवढी राहिलीत.” नवऱ्याचा धंदा चालवायला घेतला होता, त्याची सुरुवात मी त्यांच्या थापेपासून केली.

ही थाप मी जिला मारली ती फैजपूरकडची केळीवाल्या घरातली बाई होती. उंच, सावळी, हातात भरपूर बांगड्या, वयाने माझ्या आईएवढी. मी तिला अक्का म्हणाले. अक्कांनी माझं ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली, बाकावर बसल्या आणि हात पुढे केला.

“काजं राह्यली ना? मंग दे इकडे. माले येतात काजं.”

मी म्हणाले, “नको अक्का, मी करून ठेवते. उद्या या.”

“उद्या काहून? भाडं घालून आली मी. सुई दे, दोरा दे. करते अन् जाते. मी अठीच बसते.”

आता काय करणार? मी कपाटातून त्यांचं बोचकं शोधलं आणि टेबलावर सोडलं. अक्कांनी एक बाही उचलली, उलटीसुलटी केली, खाली ठेवली. पाठ उचलली, खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोळ गोळा होणार.

“हे त कापडच हाये वं माय,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले. मग सगळंच सांगून टाकलं, ह्यांची कावीळ, कपाट, आखाजी, आणि मला नीट बाही जोडता येत नाही हेसुद्धा.

अक्कांनी ऐकून घेतलं. त्यांच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, शिव्या दिल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या. त्या म्हणाल्या, “मंग शिव. मी बसेल हाये.” आणि खरंच बसल्या. धीर नाही दिला, शहाणपण नाही शिकवलं, नुसत्या माझ्याकडे तोंड करून बसून राहिल्या. समोर माणूस बसलेलं असताना उठून बोचकी लावत बसायची सोय नव्हती. कपाटाकडे बघायचीही नव्हती, कारण बघितलं की अक्काही तिकडे बघायच्या.

मी खांदे जोडले. बाजू जोडल्या. बाही लावली, फुगली, उसवली. पुन्हा लावली, चोळामोळा झाली, उसवली. तिसऱ्यांदा तिला आधी हाताने टाके घालून बसवलं आणि मग मशीनखाली घातलं, तेव्हा ती बरी दिसली. दुसरी बाही पहिलीपेक्षा लवकर झाली. दुपार कलली तेव्हा मी पोलकं अक्कांच्या हातात दिलं, त्यांनी काजं केली, हूक लावले, तिथेच आडोशाला जाऊन घालून बघितलं. पाठीत किंचित ढिलं होतं. “जेवन झालं की बसते बराबर,” असं म्हणून त्यांनी ते घडी करून पिशवीत घातलं आणि गेल्या.

मी दारात उभी राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. आनंद म्हणजे किती व्हावा! जिना चढून वर गेले आणि ह्यांना म्हणाले, “एक झालं! पूर्ण! काजांसकट!” ह्यांनी डोळे उघडले, “हं,” म्हणाले आणि कुशीवर वळले. आजारी माणूस, मी मनावर घेतलं नाही. पण एवढं मोठं काम सांगायला मला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून वाईट मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझा कायदा केला. सकाळी कपाट उघडायचं, एक बोचकं काढायचं, कपाटाला कुलूप लावायचं. ते अंगात घालण्याजोगं झाल्याशिवाय कुलूप काढायचं नाही. कोणीही येवो, कितीही ओरडो, टेबलावर दुसरा तुकडा येणार नाही. आणि थाप बंद. जो विचारेल त्याला खरं सांगायचं, “कापलंय, पण अजून सुरुवात नाही. आज जमणार नाही. अमक्या दिवशी या आणि बसा. समोर शिवून देते.”

खरं बोलण्याचा सुरुवातीला फार त्रास झाला. एक बाई इतकी भडकली की तिने बोचकं मागून घेतलं आणि तुकडे घेऊन समोरच्या टेलरकडे गेली. मला धक्का बसला, पण रात्री भाकरी थापताना लक्षात आलं की बाई गेली तसं एक बोचकंही गेलं. दोन-चार जणी अशाच गेल्या. बाकीच्या मात्र आल्या आणि बसल्या. बसलेल्या बाईला रिकामं राहवत नाही. शेंगा सोलाव्यात तशा त्या हाताशी असेल ते करू लागल्या. मग आपोआपच अशी पद्धत पडली की माझ्या मशीनवर जिचं पोलकं आहे ती बसून आधीच्या बाईच्या पोलक्याची काजं करते, आणि तिची काजं तिच्या मागची करते. ओळख ना पाळख, पण एरंडोलची बाई रावेरच्या नवरीचे हूक लावत होती आणि वर तिला विचारत होती, जावई काय करतात. मला त्या बायका खरोखर आवडायला लागल्या. समोरच्या टेलरने गिऱ्हाइकांना चहा पाजला असेल, पण कामाला लावलं नसेल.

एवढं सगळं मार्गी लागलं म्हणजे रोज सकाळी मी उड्या मारत खाली जात होते असं समजू नका. उन्हाळा आमच्या जळगावचा. दुकानापुढचा पत्रा तापायचा, मशीनचं लोखंड हाताला चटका द्यायचं. किती तरी सकाळी असं वाटायचं की आज नको. तेव्हा मी स्वतःशी वाद घालत नसे. फक्त बॉबिन भरायला बसायचे. मन नसलं तरी बॉबिन भरता येते, तिला मन लागत नाही. ती भरली की वाटायचं, भरलीच आहे तर बसवू. बसवली की वाटायचं, खांद्याची एक शिवण मारू. ती मारली की मग दुसरा खांदा तसाच ठेवणं मला बघवायचं नाही. माझा हट्टी स्वभाव माहेरी सगळ्यांना तापदायक झाला होता, तो तिथे उपयोगी पडला.

खरी परीक्षा झाली ती शेठाणींच्या बोचक्याला. बाजारातल्या मोठ्या मारवाडी पेढीच्या घरची ती बाई, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा सबंध संच ह्यांनी एकाच बैठकीत कापून ठेवला होता आणि सगळ्या तुकड्यांचं मिळून एकच गाठोडं बांधलं होतं. कोणती बाही कोणाची, कोणता गळा कोणाचा, काही कळेना. मी तुकडे उचलले, वर गेले, ह्यांच्यासमोर अंथरुणावर मांडले आणि विचारलं, “हे कसं जोडायचं तेवढं सांगा.” ह्यांनी त्या तुकड्यांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. “तुला समजेल तसं कर,” म्हणाले.

मी संतापले. तोवर त्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला होता, भूकही लागत होती. दोन वाक्यं बोलायला काय जड होतं? तशीच खाली आले, रागारागात मशीन चालवली, आणि उंची कापडाच्या पोलक्याला एक बाही उलटी लावून मोकळी झाले. आतली बाजू बाहेर. ते बघितलं आणि मला रडूच कोसळलं. मला वाटलं, घेऊ दे त्या व्यापाऱ्याला दुकान, लावू दे इथे गुळाच्या ढेपा, मी चालले वरणगावला. थोडं रडून झालं. कोणीतरी पाणी दिलं. मग मी कातरीचं टोक घेतलं आणि ती बाही उसवायला लागले. शिवायचं धैर्य नव्हतं, पण उसवायला कसलं धैर्य लागतंय? टाके निघत गेले तसा माझा श्वास जागेवर आला. बाही सुटी झाली, तिला सरळ केलं, आणि तिची जोडीची बाही कशी ओळखायची तेही त्या उसवण्यातच दिसलं, कापडाचा काठ दोन्हीकडे सारखा धरला होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेठाणींचं पहिलं पोलकं झालं. संच पुरा व्हायला आणखी बरेच दिवस गेले, पण मी पुन्हा रडले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी कपाटातलं शेवटचं बोचकं निघालं. ते शिवून झालं, घडी झाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं. मी कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकली आणि ओल्या फडक्याने खण पुसून काढले. माझ्या अंगात त्या दिवशी इतकं बळ आलं होतं की मी ते अख्खं कपाटसुद्धा उचललं असतं.

आखाजीला नाना जेवायला आले. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं केलं होतं. ह्यांना आता बेताचं जेवायची परवानगी मिळाली होती, दोघे भाऊ पाटावर बसले. मी दाराआडून वाढत होते. नानांनी पहिला घास घेतला आणि माझ्या मनात आलं, इतके दिवस हा माणूस माझ्या दुकानावर टपून बसलाय आणि मी त्याला कडीआडून पोळ्या वाढतेय. मी पदर डोक्यावर घेतला, तोंडावर नाही, आणि उंबरा ओलांडून समोर जाऊन उभी राहिले.

“नाना, कपाट रिकामं झालंय,” मी म्हणाले. “दुकान द्यायचं नाही. तुमच्या त्या व्यापाऱ्याला तसं सांगून टाका.”

नानांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. समोर उभं राहून बोललेला माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मग हातातला घास ताटात ठेवला.

“माझा व्यापारी?” ते म्हणाले. “मला कशाला हवा व्यापारी?” आणि ह्यांच्याकडे वळले. “काय रे, तूच ना मला म्हणालास, नाना, मला नाही झेपत, दुकान घालवा, मला तिकडे चिकटवा? मी म्हटलं, अरे, बायको म्हणतेय मी करते, तर करू दे तिला. आखाजीपर्यंत तरी थांब. मीच थांबवलं ना तुला?”

हे ताटाकडे बघत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. नानांचं म्हणणं मी नानांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. जे ऐकलं ते सगळं ह्यांच्या तोंडून.

नाना जेवून आडवे झाल्यावर मी ह्यांना म्हणाले, “खाली चला.” आजारपणानंतर ते पहिल्यांदाच जिना उतरत होते, तरी मी हात दिला नाही, इतकी मी चिडले होते. दुकान उघडलं. उघडं कपाट समोर होतं. हे त्याच्यापुढे उभे राहिले, एका खणात हात घातला, पार मागच्या फळीपर्यंत.

“मी ह्या उन्हात मरमर मेले,” मी म्हणाले, “आणि रोज नानांना शिव्या घातल्या. मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी रिकाम्या फळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “ह्याचं दार उघडायची मला भीती वाटायची. दिवाळीपासून. रोज सकाळी खाली यायचो ते ह्याच्याकडे पाठ करून बसायचो. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, उठायचं नाही, तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं.”

“तुम्हाला तर झोपेतसुद्धा बाही लावता येते. कसली भीती?”

“शिवायची नाही गं. बाया कापड पुढे करतात. पुढे केलं की मला नाही म्हणता येत नाही. कापून टाकलं की वाटायचं, चला, हिचं सुरू तर झालं.”

मला खूप काही बोलायचं होतं. पण ज्या दिवसांत मी नुसती बोचकी खालीवर करत होते ते दिवस मला आठवले. मला ते थोडेच काढावे लागले, कारण अक्का येऊन बसल्या. ह्यांच्यासमोर कोणीच येऊन बसलं नव्हतं. मी वरच बसले होते. माझा राग संपला असं म्हणणार नाही, पण मी त्यांचा हात धरला आणि त्यांना मशीनपाशी नेऊन बसवलं.

सण सरला आणि दुकान नेहमीसारखं उघडलं. ह्यांच्या पुढ्यात एक पोलकं, मी बाजूला स्टुलावर. उन्हं चढायच्या आत एक ओळखीच्या घरची बाई आली, हसतमुख, हातात कागदात गुंडाळलेलं कापड, परवाच्या लग्नाला हवं म्हणाली. ह्यांचा हात सवयीने पुढे झाला, अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“नाही जमणार,” मी म्हणाले. “पुढच्या महिन्यात आणा.”

बाईचं हसू गेलं. ती ह्यांच्याकडे बघत राहिली, ह्यांनी हात मागे घेतला. तिने कागद पुन्हा गुंडाळला, “बरं,” म्हणाली आणि बोळातून निघून गेली.

“रागावली का गं?” ह्यांनी हळूच विचारलं.

“रागावली.”

“आता यायची नाही ती.”

“नाही आली तर नाही.”

ह्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि पुन्हा उचलला. “एवढंच म्हणायचं असतं?” त्यांनी विचारलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून बॉबिन भरत बसले.